डोळेमाळावरची जैतून

"सुमनमावशी, अम्मी गेली..." सलीमचा फोन आला तेव्हा मी चिखलीत गच्चीवर मुगवड्या घालत होते. "हो बाळा, निघते," म्हणाले, उरलेली वाटलेली डाळ झाकली आणि खाली उतरले. सलीमची अम्मी म्हणजे माझी जैतून. सतराव्या वर्षापासूनची मैत्रीण.

ती राहायची त्या जागेला डोळेमाळ म्हणतात. उंद्रीच्या अलीकडे एसटीचा थांबा, एक चहाचं दुकान, वीसेक घरं. आता तिथे उतरणाऱ्या पोरांना त्या नावाचं काही वाटत नाही. आमच्या लहानपणी तो नुसता मुरमाड माळ होता, त्याला नावही नव्हतं. मग एका हिवाळ्यात दूरच्या शहरातून डॉक्टरांचं पथक आलं आणि माळावर पांढरे तंबू उभे राहिले. मोतीबिंदूची ऑपरेशनं, तीही फुकट. म्हातारी माणसं बैलगाडीतून आली, लेकांच्या पाठीवरून आली, एसटीनं आली. कंडक्टर ओरडायचा, "डोळेवाले, उतरा!" महिन्याभरात तंबू गेले, नाव तेवढं राहिलं.

जैतूनचे अब्बा पिंजारी. पेशंटांच्या गाद्या त्यांनी भरून दिल्या, त्यांच्यासोबत ती आली आणि तिथेच कामाला लागली. मी बौद्धवाड्यातली, सातवी पास. मला पट्ट्यांचं कापड उकळायला घेतलं. पुढे मास्तरीण झाले, पण पहिली नोकरी ती. ऑपरेशन झालेल्या माणसानं आठवडाभर हलायचं नाही. डोळ्यांवर हिरव्या पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. सकाळी धुकं तंबूत शिरायचं, आणि त्या धुक्यात माणसांच्या रांगा अशा निजलेल्या, की जणू सगळे मिळून एकच स्वप्न पाहताहेत... जैतून त्यांना पेज भरवायची आणि बाहेरचं सगळं सांगत राहायची. "बगळे चालले, आजी. सात... नाही, आठ. एक मागं राह्यला." मी पट्ट्या उकळायची सोडून ऐकत बसायचे. समोरच आकाश असायचं, तरी मला ते तिच्या बोलण्यात जास्त दिसायचं.

त्या रांगेत गयाबाई होती, जवळच्याच खेड्यातली. तिचा लेक उत्तम तिला पाठीवर घेऊन आला होता. पट्टी उघडली त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटं धरली. तिला ती दिसलीच नाहीत. डोळ्याची मागची नसच सुकली होती. डॉक्टर लेकाला बोलवायला निघाले, तर तिनं हात जोडले. "नका सांगू साहेब. लय आशेनं आणलं त्यानं." मग जैतूनचा हात चाचपत म्हणाली, "माय, तूच सांग. काय हाय समोर?"

जैतूननं तंबूच्या दाराशी आलेल्या उत्तमकडे ओझरतं पाहिलं आणि ती म्हातारीच्या कानाशी वाकली. उत्तम आत आला तेव्हा म्हातारी हसून म्हणाली, "कोसा रेशमाचा फेटा बांधला काय रे? शोभते तुले." तो तिच्या पायाशी बसला आणि लहान लेकरासारखा रडला.

ते खोटं मग जैतूननं बारा वर्षं निभावलं. पुढे माळावर वस्ती झाली, तिथेच तिचं लग्न झालं, पोरं झाली, पण दर बाजाराच्या दिवशी ती गयाबाईकडे जायची. सुनेचं नवं लुगडं कोणत्या रंगाचं, कपिला गाईला झालेल्या गोऱ्ह्याच्या कपाळावर चांद आहे की नाही, सारं हळूच सांगून यायची. मी एकदा चिडले. "काऊन करतं वं हे? एक दिवस उघडं पडीन."

"'दिसन तुले' म्हणलं होतं मी तिले, सुमन," ती म्हणाली. "रोज पेज चारता चारता म्हणलं होतं."

गयाबाई गेली तेव्हा जैतून रडली. पण त्याहून जास्त तिला एक भीती होती... उत्तमला आता कधीतरी कळेल, आणि एका परक्या पोरीनं आपल्याला फसवलं असं त्याला वाटेल. आयुष्यभर ती बाजारात त्याला पाहिलं की पदर सावरून बाजूच्या गल्लीत वळायची.

मागच्या आठवड्यात तिच्या घरी चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला. अंगणात मी एका बाजूला बसले होते, तर काठी टेकत एक म्हातारा आला. उत्तम. माझ्याशेजारी बसला, पाणी प्यायला. मला राहवलं नाही. म्हटलं, "उत्तमभाऊ, तुमच्या आईला दिसत नव्हतं..."

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी समजलं. फेटा पांढरा, सुती होता माहा. पोरीनं घाईत कोसा सांगतला."

मी त्याच्याकडे सरकून बसले.

"मी मायले कधी काही इचारत नव्हतो, बाई. जैतून येऊन गेली का मंगच इचारत होतो. गोऱ्हा कसा हाय, लुगडं कसं हाय. माय सांगे, आन् तिचं तोंड असं उजळे..."

"मग जैतूनला का नाही सांगितलं? फार जीव जाळला हो तिनं."

त्यानं काठी मातीत फिरवली.

"सांगतलं असतं तर तिचं येणं बंद झालं असतं," तो म्हणाला. "मंग मायले कोणं दाखवलं असतं?"