मिस्त्रींचा भरवसा

जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, त्याची मूठ आपल्या काळ्या हातांनी मिटायची आणि म्हणायचं, "घरी न्या. नीट बघा. मग घ्या माझ्यावर संशय." सरावलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं, आणि तिथून रिकाम्या हाताने कुणी परत गेलं नाही. आमच्या खिडकीत अजून एक झिजलेला ब्रेक-शू पडून आहे. तो फेकून द्यायला ना मला धीर होतो, ना बायकोला.

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण आमच्या मिस्त्रींची तऱ्हाच वेगळी. सीलबंद पाकिटातला पार्टसुद्धा ते आधी हुंगायचे. "पाकीट खरं हाय, आतला माल खोटा." समोरच्या टपरीवर चहा प्यायचे तो टपरीकडे पाठ करून, नजर गॅरेजवर. गाडी आपोआप बंद पडली असं कुणी म्हणालं की त्यांचे डोळे बारीक व्हायचे. "गाडी आपोआप काय करत नाय, भाऊ. आदी कोनी खोलली ते सांगा." तारापूरच्या कारखान्यांतली यूपी-बिहारची पोरं म्हणायची, "चाचा, भरोसा रखो." मिस्त्री म्हणायचे, "भरोसा घर पे रख. गाडी इधर रख."

मी सांगलीकडचा, नोकरीसाठी तारापूरला आलेला. परक्या मुलखात माणूस ताकही फुंकून पितो. पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा काम संपेपर्यंत मी त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो. वाटलं, चिडतील. उलट खूश झाले. "उभा राहतो तो बरा. सोडून जातो तो मागनं बोंबलतो." त्या दिवसापासून आमचं जमलं. दोन संशयी माणसांची मैत्री पक्की असते, कारण कुणीच कुणाकडून भलती अपेक्षा ठेवत नाही.

पुढे मला त्यांचाच संशय येऊ लागला. पार्ट ते हुंगायचे हे ठीक, पण आता साधा नटही नाकाशी नेत होते. गाडी सावलीतून ओढून उन्हात घ्यायचे. एकदा मला भलत्याच माणसाचं हेल्मेट दिलं. एका सकाळी मी मुद्दाम, काही न बोलता, त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मी एक पाऊल पुढे सरकलो.

"भाऊ असाल तर बोला ना."

मी त्यांच्या बायकोला, वहिनींना, सांगायला गेलो. त्यांना सगळं ठाऊक होतं. "यांना तांदळातला खडा दिसत नाय. विचारलं तर म्हनतात कारखान्यांचा धूर वाढलाय, सूर्याचाच उजेड कमी येतो."

मोतीबिंदू होता. आम्ही दोघांनी त्यांना कसंबसं पालघरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या, आणि मिस्त्री त्यांची उलटतपासणी घेत होते. लेन्स कुठल्या कंपनीची? डुप्लिकेट निघाली तर? शेवटी ते मुद्द्यावर आले. "आनि जुनी काढलेली आमच्या हातात देनार ना?"

"ती आतच बारीक करून नळीने ओढून घेतात, काका. देता येत नाही."

"म्हंजे पुरावा नाय," मिस्त्री म्हणाले आणि चपला घालून चालू लागले.

फाटकाशी वहिनींनी त्यांना गाठलं. "नका करू ऑपरेशन. पन मग ग्यारेज आजपासून बंद. दिसत नाय त्या मानसाच्या हातची गाडी मी कुनाला नेऊ देनार नाय. टँकरांच्या रस्त्यावर लोकांची पोरं जातात." मिस्त्रींनी एकदा रस्त्याकडे बघितलं. मग चपला काढून आत गेले.

दोन्ही डोळे झाले. दिसायला लागलं तरी त्यांची कुरबुर चालूच होती. "दिसत तर आदीपन होतं. काय बदललं त्यांनी, कोन सांगनार?" पण एकदा वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा ते कप हातात न घेता बघतच राहिले. "तुजे केस कदी पांढरे झाले?"

"तुमी गाड्या बगत होता तवा," वहिनी म्हणाल्या.

गॅरेज पुन्हा उघडलं, आणि पहिल्याच दिवशी घात झाला. कारखान्यातला एक पोरगा गाडी घेऊन आला. मागच्या ब्रेकच्या दांडीला एक नट असतो, तो सैल पडू नये म्हणून त्यातून बारीक पिन घालून तिची टोकं वाकवतात. ती पिनच नव्हती. दांडी निखळली तर चालतं चाक जागच्या जागी जखडतं. "आदी कोनी खोलली?" मिस्त्री गरजले. "आपने ही, चाचा," पोरगा घाबरत म्हणाला. मिस्त्रींना ते खोटं वाटलं. त्यांनी माझी गाडी मागवली. माझ्या गाडीला पिन होती, पण टोकं न वाकवलेली, अर्धी बाहेर आलेली. ती गाडी त्यांच्याशिवाय कुणीच खोलली नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. ते खाली फरशीवर बसले. डोळ्यांवर पडदा असताना केलेल्या सगळ्या गाड्या त्या घडीला रस्त्यावर धावत होत्या.

गॅरेजला कुलूप लागलं. डबाभर पिना घेऊन मिस्त्री माझ्या मागे बसायचे आणि आम्ही गाड्या शोधत फिरायचो. मिस्त्रींना माणसांची नावं कधीच आठवत नसत, गाड्या आठवत. आणि गंमत बघा, आयुष्यभर लोकांवर संशय घेतलेल्या माणसावर आता लोक संशय घेऊ लागले. मेकॅनिक स्वतःहून घरी येतो आणि फुकट काम करतो म्हणतो, यात काहीतरी काळंबेरं असणारच! किनाऱ्यावरच्या नवापूरला मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईने त्यांना गाडीला हातच लावू दिला नाही. "फुकट कशाला? आमी काय खुळी हाव?" मिस्त्री हात जोडून उभे राहिले. मला ते बघवेना.

काही गाड्यांना पिना होत्या, काहींना नव्हत्या. एक गाडी मात्र सापडत नव्हती. टाकीवर निळी टेप लावलेली, जव्हारकडच्या पाड्यावरच्या एका पोराची. पाड्यावर गेलो तर म्हातारा बाप म्हणाला, पोरगा गाडी घेऊन वीटभट्टीवर गेलाय, भट्टी कुठली ते माहीत नाही, शिमग्याला येईल. फोन लागत नव्हता. त्या दिवसांत मिस्त्री नीट जेवत नसत. रस्त्यावर अपघात झाल्याचं कानावर आलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "गाडीला टेप होती काय?"

होळीच्या आदल्या दिवशी आम्ही पाड्यावर जाऊन बसलो. दुपार कलल्यावर ती गाडी धुरळा उडवत चढ चढून आली. पोरगा हसत उतरला. मिस्त्री थेट मागच्या चाकाशी वाकले. पिन होती. टोकं चांगली वाकवलेली होती. मी सुटलो एकदाचा, पण मिस्त्री उठेनात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ही मी लावली काय, भाऊ?" ते म्हणाले. "मला आटवत नाय. माजा हातच मला आता खरा वाटत नाय."

गॅरेज गेलं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. मिस्त्री आणि वहिनी माकुणसारला भावाच्या वाडीत राहायला गेले. मला गल्लीच्या तोंडाशी आलं की अजून चुकल्यासारखं होतं.

मागच्या महिन्यात भेटायला गेलो. मिस्त्री केळीच्या बुंध्यांशी बसले होते, तब्येत बरी होती. माझ्या गाडीची चेन वाजत आली होती, ते त्यांनी लांबूनच ओळखलं. मी म्हटलं, जरा आवळून द्या. त्यांनी मान हलवली आणि हाक मारली. वहिनी पदर खोचून आल्या, पाना घेतला आणि खाली बसल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या हे बघून बघूनच शिकल्या असणार. मिस्त्री बसल्या जागेवरून हलक्या आवाजात सांगत होते, त्या करत होत्या.

"नट बसला?" मिस्त्रींनी विचारलं.

"बसला."

"बरं," मिस्त्री म्हणाले, आणि वाकून बघायला काही ते उठले नाहीत.