माटोळी की इक्वलायझर

तेरेखोलपासून मांडवीपर्यंतच्या मुलखात गाड्या असलेली माणसं पोत्याने सापडतील, पण गाडी ही कुठेतरी जाण्यासाठी असते, ही गोष्ट ज्यांना मुळातच मान्य नाही असे गृहस्थ एकच, आणि ते नेमके माझे साडू. त्यांच्या मते गाडी म्हणजे चाकं लावलेली खोली. आत बसायचं, दारं लावायची आणि ऐकायचं. ऐकता ऐकता ती कुठे पोचलीच, तर तो योगायोग. डिचोलीच्या बाजारात त्यांचं भुसारी दुकान आहे, आमच्याकडे ज्याला पसरो म्हणतात ते. घर सर्वणला. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला लहानथोर सगळे ताईच म्हणतात. मी पेडण्याचा, लायसन चारचाकीचंही, पण आयुष्यभर स्कूटरवाला. त्यामुळे लग्नकार्याला आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, साडूंच्या गाडीत बसणं माझ्या कपाळी लिहिलेलं आहे.

ही गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. मूळ घेतली होती ती दुकानात तांदळाची पोती आणायला. आता पोती भाड्याच्या टेंपोतून येतात, कारण व्हॅनच्या डिकीत एक कंप्युटर राहतो. त्याच्या शेजारी अँप्लिफायर, त्याच्या शेजारी दोघांना पोसायला वेगळी बॅटरी, आणि या सगळ्यांच्या उरावर एकतीस दांड्यांची एक लोखंडी पेटी. पुढे डॅशबोर्डवर टीव्हीएवढा पडदा. तिथला गणपती साडूंनी एका कोपऱ्यात सरकवला आहे, कारण म्हणे मूर्तीवर आपटून आवाज परत येतो. कुठे निघायचं असलं की लोक आधी चपला घालतात. साडू आधी 'कंप्युटर उठवायला' जातात. एकदा चोपड्याला लग्नाला निघालो होतो. सगळे नटूनथटून गाडीत बसलो, आणि पडद्यावर अक्षरं आली की नवीन अपडेट चालू आहे, कृपया यंत्र बंद करू नये. इंजीन सुरू केलं तर बॅटरीला झटका बसेल म्हणून साडू किल्लीला हात लावीनात. आम्ही अंगणातच घामाघूम होऊन बसलो. एक चक्र फिरत होतं, ते फिरतच राहिलं. चोपड्याला पोचलो तेव्हा अक्षता होऊन पहिली पंगत उठली होती. ताई त्यांच्याकडे बघत राहिली, तेव्हा साडूच म्हणाले, "मुहूर्त चुकलो म्हणून लग्न मोडता काय? अपडेट मोडलें जाल्यार सगळें परत घालूंक पडटा!"

आता इक्वलायझर म्हणजे काय, हे मला त्यांनी दुकानात बसवून समजावलं आहे. तांदळाच्या पोत्यावर हात ठेवून म्हणाले, हा खालचा आवाज, घुमटाचा, म्हणजे आरतीतल्या मातीच्या ढोलाचा. चवळीच्या डब्यावर टिचकी मारून म्हणाले, हा मधला, गाणाऱ्याचा गळा. मग मोहरीच्या बरणीत बोट घालून म्हणाले, हे वरचे, कांसाळ्याचे, म्हणजे झांजांचे. गिऱ्हाइकाला ज्याचं जेवढं लागतं तेवढं मापून द्यायचं, की झाला इक्वलायझर. इतकं सोपं सांगितल्यावर मला वाटलं विषय संपला. कसला संपतोय! कारण हे मापायचं कशाने, यावर सगळं घोडं अडलेलं. एक माप लोखंडी पेटीतलं, हाताने दांड्या वरखाली करायचं. दुसरं कंप्युटरातलं, पडद्यावर रेघ ओढायचं. पहिलं हार्डवेअर, दुसरं सॉफ्टवेअर. साडू सोमवारी हार्डवेअरचे असतात. "सॉफ्टवेअरांत जीव ना, साडूभाव. दांडो हातांत धरलो की आवाज बोटांक लागता." गुरुवारी भेटावं तर, "दांड्यांचो जमानो गेलो! पेटयेक मेंदू खंय आसा?" आमच्याकडे निवडून आलेली माणसंसुद्धा पक्ष बदलायला एखादा महिना घेतात, वर 'मतदारसंघाच्या विकासासाठी' असं कारण तरी सांगतात. साडूंना तेवढीही गरज पडत नाही. इंटरनेटवर त्यांचा एक गट आहे, तिथे देशभरातले असेच भरल्या घरचे लोक एकमेकांना कानफाटे म्हणत असतात. साडू त्यात दोन्ही बाजूंनी भांडतात आणि दोन्हीकडून हरतात.

दांड्यांच्या पेटीचा खरा शत्रू सॉफ्टवेअर नव्हे, आमचे रस्ते. निवडणूक जवळ आली की हॉटमिक्सचं डांबर पडतं, मग पाइपवाले येऊन खणतात, त्यांनी बुजवलं की केबलवाले येतात. प्रत्येक खड्ड्यात गाडी आदळली की दोनचार दांड्या आपोआप खाली येतात. घरून निघताना गाणारा मर्द गडी असतो. डिचोलीचा बसस्टँड येईपर्यंत त्याला पडसं झालेलं असतं. साडूंनी दांड्यांना रबर बांधून पाहिलं, मेण लावून पाहिलं, ताईच्या नखांचा रंग लावून पाहिला. शेवटी पंचायतीत अर्ज घेऊन गेले, की रस्ता नीट करावा, माझ्या आवाजाचं नुकसान होतं. सरपंचांना वाटलं यांचा घसा बिघडला आहे. त्यांनी हळदीचं दूध प्यायला सांगितलं.

आणि कंप्युटरचं? तो खड्ड्यांना दाद देत नाही, पण त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी गाडीत माइक टांगून त्याला एक विशिष्ट आवाज ऐकवायचा असतो, श्श्श असा, एकसुरी, संपतच नाही असा. हा माइक टांगायची जागा ठरलेली, पुढची डावी सीट, जिथे ताई बसते, तिच्या डोक्यामागे. एका दुपारी अंगणात हे श्श्श चाललेलं असताना शेजारचे आजोबा गॅस गळतोय म्हणून ओली गोणपाटं घेऊन धावत आले आणि त्यातलं एक गोणपाट साडूंच्या अंगावर पडलं. माइकच्या जागेवरून एक जाच ताईच्या मागे कायमचा लागला आहे. गाडी चालू असताना ती जरा इकडेतिकडे वळली, पोदेराकडून पाव घ्यायला खिडकीतून वाकली, की साडू ओरडतात, "डोकें हालय नाका गो! आवाज सांडटा!" ताई म्हणते, "कान म्हजे, मान म्हजी." आम्हाला वाटायचं, हा गड्याचा आणखी एक चक्रमपणा.

खरं सांगायचं तर या सगळ्या खटाटोपात साडूंना हवं होतं एकच, की ताईने एकदा चांगलं म्हणावं. वास्कोपासून लोक येऊन त्यांची गाडी ऐकून गेले. एकाने तर डोळे मिटून 'वा' म्हणत गाडीच्या टपावर डोकं टेकलं होतं. पण त्याचं साडूंना काहीच नाही. प्रत्येक नवी मापणी झाली की ते ताईच्या तोंडाकडे बघत राहायचे, परीक्षेचा निकाल लागायचाय अशा चेहऱ्याने. आणि ताईचा निकाल कायम एकाच शब्दाचा, "पुरो." पुरे आता. मग घरच्या चवथीच्या आरतीचं रेकॉर्डिंग लावलं तर, "घुमट घरांत वाजता. तें गाडयेंत कित्याक?" मला साडूंची कीव यायची. एवढा मोठा व्यापारी माणूस, दिवसभर गिऱ्हाइकांना गप्प करतो आणि संध्याकाळी या एका गिऱ्हाइकापुढे हात जोडून उभा.

या चवथीला प्रकरण चिघळलं. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली आणि कुळागरातली, म्हणजे माडापोफळीच्या बागेतली, फळं बांधतात, ती माटोळी. तिचं सामान घ्यायला चवथीच्या आधी डिचोलीच्या बाजारात सगळा तालुका लोटतो. नारळाची पेंड म्हणजे अख्खा घोस, तसंच सुपारीचं शिपटं, पपनसासारखं आंबट तोरिंगण, चिबूड, केळ्यांचा घड, लालचुटूक कांगलां. दरवर्षी हे सामान ताईच्या डोक्यावर, माझ्या पायांत आणि मुलांच्या पोटावर बसून यायचं. यंदा ताईने पदर खोचला. आम्ही सकाळी बाल्कांवात, दारापुढच्या ओट्यावर, चहा घेत होतो, तिथे येऊन साडूंना म्हणाली, "डिकयेंत एक नारळ दवरूंक जागा ना. आज बाजारांत सामान घेतकच दोगांतलें एक भायर काडात. कंप्युटर नाय तर ती दांड्यांची पेटी. कितें काडपाचें तें तुमी सांगात."

साडूंचा चेहरा पडला. दोन पोरांतलं एक निवडायला सांगावं तसा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साडूभाव, तुमी सांगात. तुमचे कान तिराईत." म्हणून बाजाराला जाताना मला पुढच्या डाव्या सीटवर बसवलं आणि ताईला मागे. आरती लावली. "आतां आयकात. ही पेटी." मी ऐकलं. "आतां हें सॉफ्टवेअर." मी पुन्हा ऐकलं. घुमट दणदणत होतं, शामेळाचा छोटा ढोल कडकडत होता, सगळं कसं समोर काचेवर उभं राहून वाजवल्यासारखं, झकास! पण फरक? देवाशपथ, तसूभर नाही. माणूस आशेने बघतोय म्हटल्यावर काहीतरी बोलणं भाग होतं. मी मान डोलावून म्हणालो, "हे दुसरं जरा मोकळं वाटलं." साडूंनी लांब श्वास सोडला. "साडूभाव, हावें अजून कितेंच बदलूंक ना." म्हणजे अजून पेटीच चालू होती. मागून ताई एवढी हसली की तिला ठसका लागला. मी नंतर बाजार येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

बाजारात सामान घेतलं आणि डिकी उघडली. साडूंनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, पेटीचा एक स्क्रू सैल केला, आणि पुन्हा घट्ट केला. मग कंप्युटरच्या वायरीला हात घातला, तोही काढून घेतला. ताई हातात केळ्यांचा घड घेऊन समोर उभी. लोक ढकलत होते, मागे एक टेंपोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. "घरा गेल्यार काडटां," साडू कसेबसे म्हणाले, "खरेंच काडटां." सगळं सामान मागच्या सीटवर कोंबलं. पण विकणारणीने पाणी मारलेल्या नारळाच्या पेंडीतून पाणी ठिबकत होतं, ते मागे कंप्युटरवर गळलं तर! म्हणून साडू स्वतः त्या फळांच्या ढिगात शिरले, पेंड मांडीवर घेतली, आणि जन्मात पहिल्यांदा गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. ताई आपल्या जागेवर, माझ्या डाव्या बाजूला बसली.

गाडी बाजाराबाहेर काढली आणि आरती पुन्हा सुरू झाली. मला वाटलं काहीतरी मोडलं. मघाशी समोर उभं राहून वाजणारं सगळं आता माझ्या उजवीकडच्या दारात चेंगरून गेलं होतं. गाणारा खिडकीच्या काचेला नाक लावून गात होता, कांसाळें थेट उजव्या कानात, आणि घुमट कुठे तळघरात. मी म्हणालो, "साडूभाऊ, खड्ड्यात काहीतरी निसटलं हो. आवाज पार बिघडलाय."

"ना, ना. ते सीटीचेर तसोच लागता," मागून केळ्यांतून आवाज आला. "गाडयेंत दोन सीटींक एकदम बरो आवाज दिवंक जायना. लागींचो स्पीकर मातसो थांबोवन धरूंक पडटा, मगीर दोनूय आवाज एकदम पावतात. तें सॉफ्टवेअर करता, पूण एकाच सीटीक. दुसरे सीटीचें वाट्टोळें जाता."

"म्हणजे चांगला आवाज एकाच सीटला, ताईच्या, आणि इतकी वर्षं गाडी चालवताना तुम्ही हे असं ऐकताय?"

"गाडी चलयतल्यान रस्त्याकडेन पळोवचें," साडू म्हणाले. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा, त्यात काय, जणू मी काही अगदीच खुळ्यासारखं विचारलं होतं.

मी ताईकडे बघितलं. ती समोर बघत होती, मान ताठ, जराही न हलवता. पक्ष बदलणारा, अपडेटसाठी लग्न चुकवणारा हा माणूस, देशभर भांडून, दांड्यांना नखांचा रंग लावून जो आवाज शोधत होता तो त्याच्या स्वतःच्या कानासाठी कधी नव्हताच! मला त्या घडीला माझ्या साडूंबद्दल इतकं प्रेम दाटून आलं की डोळ्यांत पाणीच आलं. ते मी तोरिंगणाच्या आंबट वासावर ढकललं.

"भावजी, गाडी थांबयात," ताई म्हणाली. मी रस्त्याच्या कडेला घेतली. ती उतरली, मागचं दार उघडलं आणि नवऱ्याला म्हणाली, "भायर येयात. फुडें बसात." साडू घाबरले. "आनी उदक? कंप्युटराचेर उदक पडटलें गो!" "हांव धरतां." तिने ती पेंड त्यांच्या मांडीवरून उचलून घेतली, फळांत घुसून बसली आणि दार ओढलं. साडू येऊन डाव्या सीटवर बसले, हात गुडघ्यांवर, परक्या घरी आल्यासारखे अवघडून. मापायला म्हणून ते या सीटवर ढीगभर वेळा बसले असतील, पण अंगणात, गाडी उभी असताना, मांडीवर कीबोर्ड घेऊन. चालत्या गाडीत, नुसतं बसून, कधीच नाही. मी गाडी हळू सोडली. वाटेत खड्डे आले, दांड्या खाली आल्या असणार, पण साडूंनी ना पडद्याला हात लावला ना माझ्यावर खेकसले.

"दोगांकय रावूं दियात डिकयेंत," ताई मागून म्हणाली. "सामान हांव मांडयेर घेतां."

साडूंनी मान वळवली नाही. वळवली असती तर आवाज सांडला असता. कडव्यामागून कडवं चाललं होतं, दोन्ही बाजूंना भातशेतं पोटरीला आली होती. बऱ्याच वेळाने ते हळूच, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "बरें लागता गो."

"म्हाका खबर आसा," ताई म्हणाली. तिला माहीत होतं.