अमोलदादाची सहावी पायरी

अमोलदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या स्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत होतो. पलीकडून त्याचा धाकटा भाऊ एवढंच म्हणाला, "दादा गेला रे..." डेंग्यूचा ताप होता, संभाजीनगरला हलवलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण बरा होऊन येईल असंच वाटत होतं. गाडी आली, भरली, निघून गेली. मी तिथंच उभा. त्याला आता महिना होऊन गेला. लिहावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी माझं एक खोटं सांगावं लागतं.

बीडच्या कॉलेजात तो माझ्या दोन वर्षं पुढे होता. माझे आई-वडील ऊसतोडीला जाणारे, घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. कॉम्प्युटरसमोर बसलो की हात आखडायचे. दादा तेव्हा मायक्रोसर्व्हिससाठी एक स्टार्टर टेम्प्लेट तयार करत होता. मायक्रोसर्व्हिस म्हणजे वेबसाइटमागे चालणारा, एकच काम करणारा छोटा प्रोग्रॅम. एक हजेरी सांभाळतो, दुसरा निकाल दाखवतो. प्रत्येक वेळी त्याच फाइली, त्याच सेटिंग पुन्हा मांडाव्या लागतात, आणि आमच्यातली निम्मी पोरं तिथंच हात टेकायची. दादानं ते सगळं एका फोल्डरमध्ये मांडून ठेवलं आणि सोबत मराठीत आठ पायऱ्या लिहिल्या.

त्या तपासायला त्यानं मला बसवलं. हुशार पोरं सोडून मलाच का, असं विचारलं तर म्हणाला, "त्यांना न लिहिलेलं बी समजतं. तू जिथं अडकशील तिथं माझं लिहिणं चुकलं, असं धरायचं." दुसऱ्या पायरीला मी अडकलो, त्यानं वाक्य बदललं. चौथीला अडकलो, पुन्हा बदललं. सहाव्या पायरीत नमुन्याची सेटिंग फाइल कॉपी करून तिला नवं नाव द्यायचं होतं. दिलं. तर प्रोग्रॅमला फाइल सापडेना. दादा दाराशी सरांशी बोलत होता. मागून दादाच्या वर्गातलं कुणीतरी त्याला ओरडलं, "अम्या, ह्याच्यापायी आता कॉम्प्युटर बी बदलतो का बे?" सगळी लॅब हसली. दादानं तिथूनच विचारलं, "चाललं का रे?" मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली आणि म्हणालो, "चाललं दादा. सगळ्या झाल्या."

तो इतका खूश झाला की पायऱ्यांच्या खाली त्यानं माझं नाव घातलं... पहिल्यांदाच बसलेल्या माणसानं सगळं चालवून पाहिलं आहे, म्हणून.

फाइल का सापडत नव्हती, ते मला पुढं कळलं. लॅबमधलं विंडोज फाइलच्या नावामागं 'टीएक्सटी' चिकटवायचं आणि ते दिसायचंही नाही. दादाच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, तिथं असं होत नाही, म्हणून त्याला ते कळणारच नव्हतं. एका ओळीची दुरुस्ती, पण ती सांगायची तर माझं खोटंही कबूल करावं लागलं असतं. तो पुण्याला नोकरीला लागला, तरी नवी पोरं सहाव्या पायरीवर अडकली की त्यालाच फोन लावायची. तो जेवणाच्या सुट्टीत स्वतःची तयार फाइल पाठवायचा, त्यांचं भागायचं. दिवाळीत वडवणीला आला तेव्हा आम्ही त्याच्या वडिलांच्या कटलरीच्या दुकानात बसलो होतो. दादा म्हणाला, "तुझ्याकडं तर सहावी एका दमात चालली हुती ना? मग ही पोरं कावून अडकायलीत? लई डोकं लावलं, सापडंना." माझ्या हातात चहाचा कप होता. "चालली होती," मी म्हणालो. "मंग माझंच कायतरी हुकलं असंल," तो म्हणाला आणि गिऱ्हाइकाला बांगड्या दाखवायला उठला. हे आमचं शेवटचं बोलणं.

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या लॅबमध्ये तेलगावची एक मुलगी त्याच पायरीवर अडकली. मला म्हणाली, "दादा, आता फोन कुणाला लावायचा?" मी शेजारी बसून तिला ते चिकटलेलं 'टीएक्सटी' दाखवलं. प्रोग्रॅम लगेच चालला.

टेम्प्लेट इंटरनेटवर अमोलदादाच्या खात्यावर आहे. कुणी बदल सुचवला की तो त्याला तपासून मंजूर करावा लागतो. त्याच दुपारी मी दुरुस्ती पाठवली आणि कारणाच्या चौकटीत लिहिलं, "दादा, त्या दिवशी चाललं नव्हतं. लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तुझं काही हुकलं नव्हतं."

पोरांनी वेगळी कॉपी करून घेतली, तिच्यावर त्यांचं काम सुरू आहे. मूळ पान मी अधूनमधून उघडून बघतो. माझ्या दुरुस्तीशेजारी दादाचा छोटा फोटो दिसतो, आणि त्याची मंजुरी बाकी आहे, असं ते पान सांगतं.