फिनेल आणि लुगड्यांची गोधडी

सासूबाई गेल्या आणि गिरणीतून निवृत्त झालेले माझे सासरे लालबागची खोली सोडून आमच्याकडे मुलुंडला राहायला आले. सोबत एक ट्रंक, सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आणि भाजीच्या पिशवीतून मान बाहेर काढून ओरडणारी मांजर. गोधडी सासूबाईंनी शिवलेली, मांजर त्यांनीच पाळलेली. सासरे रात्री एक पांघरायचे आणि दुसरीला पायाशी घ्यायचे.

मी तेव्हा पंचविशीतली, गृहविज्ञान शिकलेली. म्हणजे जगातल्या कुठल्याही घाणीवर माझ्याकडे उपाय होता, आणि त्याचं नाव फिनेल. मांजरीसाठी तेलाचा पत्र्याचा डबा आडवा कापून गॅलरीत ठेवला, शेजारी बांधकाम चालू होतं तिथली रेती आणून भरली, आणि रोज सकाळी रेती बदलून डबा फिनेलने असा घासायची, की आमच्याकडे येणारा माणूस दवाखान्यात आल्यासारखा हळू बोलायला लागायचा.

आठवडाही झाला नसेल, मांजर गोधडीवर मुतली.

मी गोधडी धुतली आणि डब्यात दुप्पट फिनेल ओतलं. ती परत मुतली. मी आणखी ओतलं. आज माझी नात, जिची दोन मांजरं घरात जावयासारखी राहतात, कपाळावर हात मारून सांगते, "आजी, मांजराचं नाक किती तिखट असतं! त्या वासाने ती डब्याकडे फिरकेल कशी? त्यात घर नवीन, जीव लावणारी बाई गेलेली. ओळखीचा वास तिला त्या गोधडीलाच येत असणार ना."

आता सांगून काय उपयोग, बाई? तेव्हा तुझी आईच रांगत होती.

शेजारीण म्हणाली, "अगं, तिचं नाक घास त्यात. आपोआप शिकते." घासलं. ती एवढंच शिकली, की मी दिसले की कपाटाखाली पळायचं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून गोधडीभोवती संत्र्याच्या साली मांडल्या. सासरे उठून बसले, चारी बाजूंना बघितलं आणि म्हणाले, "माका पूजेक बसवलंस काय गो?"

गोधडी मात्र दर धुण्याला विरत चालली. एक दिवस हिरव्या लुगड्याचा तुकडा माझ्या हातातच आला. मी तो पदराआड केला, पण सासऱ्यांनी बघितलं होतं. हात पुढे करून त्यांनी तो घेतला. "रवांदे माझ्याकडे," एवढंच म्हणाले.

गोधडी वाचवायची तर मांजर जायला हवी होती. दोन्ही सासूबाईंच्या. सासऱ्यांना कुणी विचारलं नाही.

"रविवारी गोराईला सोडून येतो," हे म्हणाले. "कोळ्यांचं गाव आहे, मासे खाऊन मजेत राहील. मध्ये खाडी, परत यायची भानगड नाही."

मी मान डोलावली. सासऱ्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं, हे गृहविज्ञानात शिकवलं नव्हतं.

रविवारी हे पिशवी घेऊन घरभर मांजरीमागे धावले. ती जिच्यातून आली होती तीच पिशवी. एकदाची ती आत गेली, तर दारात सासरे उभे. डोक्यावर टोपी, पायात चपला, बगलेत गोधडी.

"बाबा, तुम्ही कुठे निघालात?"

"तिका नेतस थंय."

"अहो, मी तिला सोडायला चाललोय."

"माका पण सोड. तिका आता कोण असा?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. पिशवी आतून ओरडत होती. शेवटी हे मटकन खाली बसले आणि पिशवीची गाठ सोडली. मांजर थेट कपाटाखाली.

संध्याकाळी सासऱ्यांनी गोधडी गॅलरीत नेली आणि डब्याशेजारी अंथरली. मांजर आली, वास घेतला आणि मधोमध वेटोळं करून झोपली. सासरे आत येऊन माझ्या नव्याकोऱ्या चादरीवर आडवे झाले. हिरवा तुकडा तेवढा त्यांनी उशीच्या अभ्र्यात सरकवला.

सकाळी बघते तर गोधडी ओली आणि डबा कोरडा. मग फिनेलची बाटली आणली आणि डबा घासायला बसले. दुसरं काय येत होतं मला?