सकिनाबींचे उंट

श्रीवर्धनच्या सकिनाबींनी आयुष्यात चाळीसेक उंट शिवले आणि खरा उंट एकदाही पाहिला नाही. नवऱ्याने कुवेतहून पत्रात कळवलं होतं, "उंट आपल्या बैलासारखाच. वशिंड असतं, मान तेवढी लांब." सकिनाबींनी बैल डोळ्यांसमोर ठेवला, जुन्या लुंग्या बेतल्या, सावरीचा कापूस ठासला आणि वशिंड नेमकं खांद्यावर बसवलं. मोहल्ल्यातल्या निम्म्या पोरांचे बाप आखातात होते. बापाच्या जागी उंट आला. तीन वर्षांनी नवरा रजेवर आला आणि म्हणाला, "हे कसलं जनावर?" पण तोवर गावाचा उंट ठरून गेला होता.

या उंटांना डोळे नसत. सासरे अब्दुस्समद यांची तशी अट होती. "जान घालता येत न्हाय ना? मग डोळे कशाला?" पोरांनी कुरकुर केली नाही. केली ती सकिनाबींच्याच पाच वर्षांच्या आफराने.

"अम्मा, मी याला दिसणार कशी?"

सासरे जुम्म्याच्या नमाजला गेल्यावर सकिनाबींनी नवऱ्याच्या शर्टाची दोन बटणं उसवून तिच्या उंटाला लावली. सासऱ्यांनी परतल्यावर पाहिलं. "बटणं शर्टाला लावतात," एवढंच बोलून ते जेवायला बसले.

त्याच वर्षी आफरा तापाने गेली. चाळिसाव्या दिवशी सासूने तिचे फ्रॉक, चपला आणि उंट तिच्या नावाचा सदका, म्हणजे दान, म्हणून वाटून टाकले. सकिनाबींना कोणी विचारलं नाही. रिवाज असला की विचारायचं नसतं. त्या दिवशी त्या सुपारी सोलत बसल्या. पुढे त्यांनी उंट शिवला नाही. का, तेही कोणी विचारलं नाही.

याला पन्नास वर्षं झाली. परवा दुपारी नागावची कल्पिता आली. तिचं होमस्टे आहे आणि जुन्या वस्तू काचेच्या कपाटात मांडण्याचा तिला नाद आहे. दिवेआगरला एक घर रिकामं होत होतं, तिथे तिला एक उंट मिळाला. खांद्यावरचं वशिंड पाहून कोणीतरी सकिनाबींचा पत्ता दिला.

"खाला, हा तुमचाच ना?"

सकिनाबींनी वशिंड चाचपलं. मग बटणं पाहिली.

"माझाच हाय. आफराचा."

पुढचं सगळं सून आतिफाने सांगितलं, कारण सकिनाबी चहा पीत होत्या. कल्पिताने उंट त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"ठेवा खाला. कपाटात काय, दुसरं काहीही ठेवीन."

"न्हाय. सदक्यात दिलेला हाय."

"अम्मी, ती आपणहून देते!" आतिफा म्हणाली. "तुम्ही कुठं मागायला गेलात?"

"दिलेलं परत घेत न्हाईत. इकत पण घेत न्हाईत."

"पन्नास वर्षं झाली त्याला!"

"सदक्याला मुदत असते काय गो?"

आतिफाने कपबशा गोळा केल्या. कल्पितापर्यंत तर प्रश्नच पोचला नव्हता. तिने ओशाळून उंट उचलला, तेव्हा पोटाच्या शिवणीतून कापूस सांडला.

"थांब," सकिनाबी म्हणाल्या. "असा नेऊ नको. आतिफा, सुईदोरा आण. शिवायला मनाई न्हाय."

शिवण वीतभर उसवली होती. दहा मिनिटांचं काम. सकिनाबींनी उंट मांडीवर उताणा घेतला आणि टाके घालायला सुरुवात केली, इतके बारीक की एकेक टाका दिसू नये. कल्पिताने फोटो काढले, मग दुसरा चहा घेतला, मग वाडीतल्या माडांबद्दल विचारून झालं. असरची, उतरत्या दुपारच्या नमाजाची, अजान झाली. एरवी पहिल्या हाकेला उठणाऱ्या सकिनाबी उठल्या नाहीत.

"खाला, होत आलं ना? मला नागावला पोचायचंय."

"थोडं ऱ्हायलंय."

आतिफाने वाकून पाहिलं. शिवण कधीच पुरी झाली होती. सासू त्याच शिवणीवरून दुसऱ्यांदा चालली होती, टोकापासून, तितक्याच बारीक टाक्यांनी.

"थोडंच ऱ्हायलंय," आतिफा कल्पिताला म्हणाली आणि तिसऱ्या चहाचं आधण ठेवायला आत गेली.