घरी मेसेज जातो

आमच्या घराखालच्या गाळ्यात प्रियदर्शनीचं पार्लर आहे. गाळा आमचा, त्यामुळे भाडं मी घेते आणि भाड्यावर व्याज म्हणून रोज दुपारी तासभर तिथं पंख्याखाली जाऊन बसते. तिनं कधी 'काकू, उठा' म्हटलं नाही आणि मीही कधी भाडं वाढवलं नाही. आमचा करार तोंडीच आहे आणि बरा चाललाय.

प्रियदर्शनी वळसंग गावची. वडिलांची मेंढरं होती. लोकर कातरायच्या दिवसांत मेंढरू घट्ट धरून ठेवायचं काम लहानपणी हिच्याकडे असे. म्हणूनच गिऱ्हाईक कितीही चुळबुळ करू दे, हिचा हात हलत नाही, असं मी तिला चिडवते. ती म्हणते, मेंढरं बरी, आरशात बघून नाक तरी मुरडत नाहीत. नवरा सिद्धराम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला आहे. लग्नानंतर तिनं शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सासरी सांगितलं आणि पार्लरचा कोर्स करून आली. सासूला कळलं तेव्हा दोन खुर्च्या आणि एक मोठा आरसा आमच्या गाळ्यात येऊन पडला होता.

आता तिच्या धंद्यातली खरी गोष्ट सांगते. बाजारात, देवळात, लग्नात कुठंही गिऱ्हाईक भेटलं तरी प्रियदर्शनी आपण होऊन ओळख देत नाही. बाईनं आधी हाक मारली तरच हसते, नाहीतर शेजारून अशी निघून जाते की जणू दोघींनी एकमेकींना कधी पाहिलंच नाही. कारण आमच्या भागातल्या निम्म्या बायका पार्लरला जातात हे त्यांच्या घरी माहीत नसतं. भाजीच्या पैशातून बाजूला काढलेल्या नोटा रुमालात बांधून येतात, भुवया कोरून घेतात आणि घरी टेलरकडे गेले होते म्हणून सांगतात. एका घरातली सासू मंगळवारी येते आणि सून शुक्रवारी येते, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही. मला सगळं माहीत असतं आणि पोटात ठेवताना माझा जीव जातो, पण प्रियदर्शनीच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नाही.

सगळं असं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात कोपऱ्यावर काचेच्या दाराचं नवं सलून उघडलं. आत एसी, बाहेर केस उडवणाऱ्या बाईचं भलंमोठं चित्र. तरी प्रियदर्शनी घाबरली नाही. पण ऐन लग्नसराईत एका नवरीची आत्या आली, मेकअप, मेंदी, पाच करवल्यांच्या वेण्या असं सगळं ठरवलं, आणि शेवटी तिनं विचारलं, क्रेडिट कार्ड चालतं ना? भिंतीवर फोनवरून पैसे देण्याचा चौकटीचौकटीचा कागद चिकटवलेला होता, पण आत्याबाईंना कार्डच द्यायचं होतं. त्या उठल्या आणि कोपऱ्यावर गेल्या. पुढच्याच आठवड्यात दुसरी नवरीही तशीच गेली. नवरीचं काम म्हणजे पार्लरवालीची सुगी. ते गेलं तर नुसत्या भुवयांवर घर चालत नाही.

सिद्धरामचं म्हणणं पडलं, कार्डाचं मशीन घेऊन टाक. मी म्हटलं, अजिबात घेऊ नको. बँक मधल्या मध्ये आपला वाटा कापणार, वर मशीनचं महिन्याचं भाडं. एका गाळ्याला दोन भाडी कशाला, हा माझा मुद्दा होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. प्रियदर्शनीनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि मशीन घेतलं. साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं असेल. तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आरशापुढं ठेवलं.

पहिलं कार्ड लागलं ते दानेश्वरीचं. तिचे यजमान वीरभद्रप्पा यांचा स्वतःचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांनी आपल्या कार्डाच्या जोडीचं एक कार्ड बायकोलाही काढून दिलं होतं. चेहऱ्याचं, केसांचं, नखांचं मिळून अठराशे झाले. मशीन पीं वाजलं, कागद बाहेर आला आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात दानेश्वरीचा फोन वाजला. नखं अजून ओली होती, म्हणून प्रियदर्शनीनंच स्पीकरचं बटण दाबून आवाज मोकळा करून दिला.

वीरभद्रप्पा घाबरले होते. मेसेज त्यांच्या फोनवर गेला होता आणि त्यांना वाटलं, कार्ड चोरीला गेलं. दानेश्वरी म्हणाली, चोरीला नाही, मी पार्लरात आहे, पैसे चेहऱ्याला लावले.

"कुणाच्या?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"माझ्या," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. दानेश्वरी ओल्या नखांनीच पर्स उचलून निघून गेली.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की प्रियदर्शनीच्या पार्लरात गेलं की घरी मेसेज जातो. रोख दिले तर काही जात नाही, हे कोण कुणाला समजावत बसणार? मंगळवारी सासू आली नाही. शुक्रवारी सूनही आली नाही. प्रियदर्शनीनं मशीनवर टॉवेल टाकला. मी आधीच सांगितलं होतं, हे वाक्य मी त्या आठवड्यात किती वेळा म्हटलं असेन कोण जाणे. ती एकदाच बोलली.

"काकू, माझा धंदा हातावर कमी आन् तोंड मिटून ऱ्हाण्यावर जास्त चालतो. ह्या मशीनला तोंड हाय की वो."

मग मलाच वाईट वाटलं.

पंधरवडा गेला आणि दानेश्वरी परत आली. प्रियदर्शनी माफी मागायला लागली तर तिनं हातानंच थांबवलं आणि खुर्चीत बसून सांगायला लागली. त्या दिवशी वीरभद्रप्पा घरी आले ते चप्पल न काढताच आत आले. ट्यूब लावली. बायकोला समोर बसवलं आणि अठराशे रुपये नेमके गेले कुठं, ते शोधायला लागले. कारखान्यात टॉवेलाचा काठ तपासतात तसा चेहरा तपासला, इकडून, तिकडून. पैसे काही सापडले नाहीत. पण हनुवटीखाली एक डाग सापडला, आणि त्यांनी विचारलं, हे काय लागलं तुला?

"लगीन झालं त्याच वर्षी भजी तळताना तेल उडालतं," दानेश्वरी म्हणाली. "आत्ता इच्यारलं त्येनी. लेक धावीला गेली आमची."

सांगताना ती हसत होती, आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, आज पण कार्डच घे.

त्या दिवसापासून प्रियदर्शनीनं नवी पद्धत काढली. काम झालं की ती गिऱ्हाइकाच्या कानाशी वाकून हळूच विचारते, "आज घरी कळवायचं?" व्हय म्हटलं तर टॉवेल बाजूला करायचा, न्हाय म्हटलं तर रोख. भांडून आलेली एक बाई तर म्हणाली, सगळ्यात महागाचं काय असेल ते कर आणि लगेच कळव. मलाही हौस आली. आमच्या ह्यांना म्हटलं, मला एक कार्ड काढून द्या. ते म्हणाले, रेशनचं आहे की कपाटात.

मजा होती, पण मजेवर मशीनचं भाडं निघत नव्हतं. कार्डवाली नवरी एकच आली. आणि गल्लीतली भीती काही पुरती गेली नव्हती, जुन्या चार-पाच बायका फिरकल्याच नाहीत. नवऱ्या कोपऱ्यावर गेल्या तर गेल्या, पण हातातलं गिऱ्हाईक जायला नको, असं तिनं ठरवलं आणि बँकेच्या माणसाला फोन करून मशीन घेऊन जायला सांगितलं. मी म्हटलं, उशिरा का होईना, अक्कल आली.

याच दरम्यान कस्तुराबाई यायला लागल्या होत्या. मागच्या गल्लीत एकट्या राहतात, मूळच्या करमाळ्याच्या. मुलगा दिग्विजय बेंगळुरूला कंपनीत आहे. लागेल ते घे, मला विचारू नको, असं म्हणून त्यानं आईला कार्ड दिलं होतं आणि त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवून दिलं होतं. खरंच विचारू नको म्हणाला आणि स्वतःही काही विचारेनासा झाला. गल्लीतली चर्चा ऐकून एक दिवस त्या टाचा घासून घ्यायला आल्या. कार्ड लावलं आणि त्या चप्पल घालेपर्यंत फोन आला. आई, काय झालं, कुठं आहेस, बरी आहेस ना? त्या अर्धा तास बोलल्या. पुढच्या शनिवारी नखं कापायला आल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी हातांना मालिश करून घ्यायला. सगळं एकदम करून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, नको, थोडं थोडं करू.

बँकेचा माणूस आला तोही शनिवारच. कस्तुराबाईंचे केस नुकतेच धुऊन झाले होते. प्रियदर्शनी त्याला म्हणाली, हे शेवटचं कार्ड लावते आणि देते. मशीन पीं वाजलं. कस्तुराबाईंनी फोन मांडीवर काढून ठेवला.

फोन वाजला नाही.

त्यानं मशीनसाठी हात पुढं केला. प्रियदर्शनी म्हणाली, बसा की, चहा सांगते. तिनं कस्तुराबाईंची वेणी घातली. मग ती सोडली आणि पुन्हा घातली. चहा संपला, तिनं दुसरा सांगितला. त्या एवढ्याशा पांढऱ्या वेणीकडं बघून त्या दिग्विजयचा मला मनापासून राग आला होता.

शेवटी कस्तुराबाईच म्हणाल्या, "कामात आसंल त्यो. जाते मी."

"थांबा आजी, वेणी सैल झालीय," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिसऱ्यांदा सोडली.

ती अर्धी होते न होते तोच फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोकळाच असतो.

"आई, मीटिंगमध्ये होतो. आज काय केलंस?"

"केस धुतलं रे."

"बघू की. कशी दिसतीयस? फोटो पाठव."

कस्तुराबाईंनी फोन तसाच प्रियदर्शनीपुढं धरला.

प्रियदर्शनीनं आधी मशीन उचलून पुन्हा आरशापुढं ठेवलं. बँकेच्या माणसाला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या हितंच. भाड्याचं मी बघते." तो म्हणाला, मशीन काढायचा अर्ज भरून झालाय. ती म्हणाली, मग फाडा.

तिनं कस्तुराबाईंची वेणी पुरी करून पुढं घेतली, पदर नीट केला आणि फोन धरला. संध्याकाळ होत आली होती, आरशात अंधार वाटत होता. मी उठून ट्यूब लावली.