कॉमिक्सचे कोपरे

ह्यांना अर्धांगाचा झटका आला, त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं. काठी घेऊन चालता येतं. बोलता येतं, पण शब्द मध्येच अडकतात आणि आपण वाट बघत उभं राहायचं. उजवा हात मात्र परत आला नाही.

मी जयपूरला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करते. हे जगतपुऱ्यातल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचे, म्हणून आम्ही फ्लॅटही तिकडेच घेतला. आमच्या दोन खोल्यांत ह्यांचं एक कपाट होतं, त्याला मी कधी हात लावत नव्हते. त्यात तीनेकशे कॉमिक्स होती, हिंदी आणि मराठी, लहानपणापासून जमवलेली. माझे सासरेही रेल्वेतच होते. बदली झाली की नव्या गावाच्या स्टेशनवर उतरल्या उतरल्या ते मुलाला एक कॉमिक घेऊन द्यायचे. प्रत्येक कॉमिक वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा. लग्न झालं तेव्हा मला हसू आलं होतं.

आजारपणानंतर एका संध्याकाळी हे त्यातलं एक काढून बसले. डाव्या हाताने पिशवीतून ओढताना पहिलं पान फाटलं. मी भाजी चिरत होते. मला हाक मारून म्हणाले, "आता ही... देऊन टाकू. ज्यांना हात आहेत... त्यांना."

मला वाटलं, बोलतील आणि विसरतील. पण मुलगी बेंगळुरूला असते, तिला त्यांनी फोन केला. तिने जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. "आई, मतलब... बहुत लोग विचारतायत," ती मला म्हणाली. "पॅकिंग तू करशील ना?"

मी हो म्हटलं. मला कुठे माहीत होतं पॅकिंग म्हणजे काय ते.

पहिलं पार्सल लातूरला जायचं होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, त्यांना बारा अंक हवे होते. रविवार होता. सकाळपासून कपडे, स्वयंपाक, ह्यांची आंघोळ, ह्यांचा व्यायाम. दुपारी हे झोपले तेव्हा मी बाराही अंक वर्तमानपत्रात गुंडाळले, पापडाचा पुडा बांधतात तसे सुतळीने आवळून बांधले आणि कुकरच्या रिकाम्या खोक्यात टाकले. खोका फार मोठा होता. मला तेव्हा तेवढं सुचलं नाही.

आठवड्याने ह्यांच्या फोनवर फोटो आले. सुतळी वरच्या आणि खालच्या अंकाच्या कडांत रुतली होती. मधले अंक खोक्यात इकडून तिकडे आपटत गेले होते, त्यामुळे सगळ्यांचे कोपरे दुमडले होते. खाली लिहिलं होतं, 'वहिनींना सांगा, मिळाले. थोडे दुमडलेत, चालायचंच.'

"सुतळी... कोणी बांधली?" ह्यांनी विचारलं.

"मीच. इथे दुसरं कोण आहे?"

"सुतळी... कधीच नाही."

"मग सांगायचं होतं आधी!" माझा आवाज चढला. "अहो, कागद आहेत ते. मी माणसाला सांभाळू का कागदाला?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस आमचं बोलणं जेवणाखाणापुरतंच झालं. मला वाईट वाटत होतं, पण समजूत काढायला लागते ती ताकद माझ्यात उरली नव्हती.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर हे कपाटापाशी जमिनीवर बसलेले. भोवती पुठ्ठ्याचे तुकडे, कात्री, चिकटपट्टीचं रीळ. दुपारीच खाली बसले होते आणि मग उठता येईना. फोन टेबलावर राहिला होता. मांडीवर एक कॉमिक होतं. पिशवीचं तोंड बंद करायला त्यांनी दातांनी चिकटपट्टी तोडली होती, ती हातातून निसटून थेट मुखपृष्ठावर बसली. सोडवायला गेले तर रंग तिच्याबरोबर निघून आला. चित्रातल्या माणसाचा अर्धा चेहरा पांढरा पडला होता.

ते कॉमिक मला ओळखता आलं. लहानपणी टायफॉइडमधून उठल्यावर वडिलांनी भुसावळ स्टेशनवर घेऊन दिलेलं. हे कितीदा तरी सांगायचे.

"मला वाटलं... तू यायच्या आत..." ते म्हणाले, "एक तरी होईल."

मी आधी त्यांना उठवलं. एका झटक्यात होईना. दुसऱ्यांदा त्यांच्या काखेत हात घालून, पाय भिंतीला लावून उठवलं. खुर्चीत बसवलं, चहा दिला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त आडवं व्हायचं होतं, साडीसकट, तिथेच फरशीवर. पण पुठ्ठे उचलायला म्हणून खाली बसले आणि बसलेच.

"सांगा, कसं करायचं," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. एकेका शब्दाला वेळ लागत होता, मी थांबत होते. पिशवीत आधी पुठ्ठा, मग कॉमिक, म्हणजे पाठ वाकत नाही. पट्टी लावायची ती पिशवीच्या मागच्या बाजूला आणि तिचं टोक जरासं दुमडून ठेवायचं, उघडणाऱ्याला नखाने खरवडावं लागू नये म्हणून. मग खोक्याच्या जाड, आतून नागमोडी रेघांच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे, कॉमिकपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठे, गठ्ठ्याच्या वर एक आणि खाली एक.

"एकाच्या रेघा... उभ्या. दुसऱ्याच्या... आडव्या."

"कशाला?"

त्यांनी डाव्या हाताने एक तुकडा उचलून वाकवून दाखवला. रेघांच्या दिशेने तो सहज वाकला. दुसरा आडवा जोडून माझ्या हातात दिला. मी जोर लावून पाहिला. वाकेना.

मधला गठ्ठा सरकू नये म्हणून पिशव्यांना पट्टी लावून तो खालच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकायचा. सगळ्यावर प्लॅस्टिक, पाण्यासाठी. मग खोका, आणि रिकाम्या जागेत चुरगाळलेले कागद, घट्ट. हे डाव्या पंजाने दाबून धरत होते, मी पट्टी ओढत होते. दोघांचे मिळून तीन हात, पण जमत होतं.

"हलव," ते म्हणाले.

मी खोका कानाशी धरून हलवला.

"आवाज?"

"नाही."

"मग झालं."

तो खोकाही लातूरलाच जायचा होता. त्या गृहस्थांनी तक्रार न करता आणखी अंक मागवले होते, ह्याची मला लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी खोका कुरिअरवाल्याकडे दिला. "मॅडम, इतना टेप? अंदर काँच है क्या?" त्याने विचारलं. "किताबें हैं, भैया," मी म्हटलं. त्याने पावती फाडली आणि खोका पाठीमागच्या ढिगावर भिरकावला. तो कोपऱ्यावर पडला, उलटा झाला आणि तसाच राहिला.

पाच दिवसांनी रविवारी लातूरहून फोन आला. मी उचलला.

"वहिनी, उघडायलाच अर्धा तास लागला मला!" ते हसत होते. "एक कोपरा दुमडला असेल तर शपथ. साहेबांना द्या ना फोन."

मी घाबरले. आजारपणानंतर हे बाहेरच्या कुणाशी फोनवर बोलत नव्हते. जुने सहकारी फोन करायचे, हे हाताने नको नको करायचे. मी म्हटलं, "त्यांना बोलायला जरा वेळ लागतो."

"मला कुठे जायचंय?" ते म्हणाले.

मी फोन ह्यांच्या कानाशी धरला. कोणत्या तरी अंकात मधलं एक पान दोनदा छापलं गेलं होतं, त्यावरून सुरू झालं. हे अडकत होते, पलीकडून घाई नव्हती. थोड्या वेळाने ह्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः धरला. मी सोफ्यावर टेकले आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.

सगळं कपाट रिकामं व्हायला सात महिने लागले. रंग निघालेलं ते एक सोडून बाकी सगळी गेली, काही औरंगाबादला, काही इंदूरला, सगळ्यात जास्त लातूरला. दोन पार्सलं तरीही वाटेत भिजली. त्याला आमचा इलाज नव्हता. लोक विचारतात, ह्यांना फार जड गेलं असेल ना? गेलंच. मलाही वाटलं होतं की शेवटचा खोका गेला की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. पाठ तेवढीच दुखते, सकाळी तेवढ्याच वाजता उठावं लागतं.

लातूरचे गृहस्थ अजून दर रविवारी दुपारी फोन करतात. ह्यांचं बोलणं चालू असतं तेवढा वेळ मी आतल्या खोलीत जाऊन आडवी होते. चाळीस मिनिटं मिळतात. कधी अर्धाच तास.